नववी पट्टी

संध्याचं डोकं सकाळपासून तापलं होतं आणि त्याला कारण होतं कासव. तेही आपल्या खाडीतलं असतं तर एक वेळ चाललं असतं. हे अमेरिकेच्या वाळवंटातलं, चिखलात लोळणारं, जेमतेम वीतभर. त्याच्या दोन जाती, सोनोरा आणि अ‍ॅरिझोना. दोन्ही मळकट, दोन्ही सारख्याच मख्ख. तिकडच्या कुठल्याशा विद्यापीठाने चार हजार फोटो सानपाड्याच्या या ऑफिसात पाठवले होते. कुठलं कासव कुठल्या जातीचं ते तुम्ही लिहा, त्यावरून आमचा कॉम्प्युटर शिकेल. पंधरा जणांची टीम आणि संध्या त्यांची लीड. काम दोनदा परत आलं होतं. शनिवारी तिसऱ्यांदा परत आलं तर प्रोजेक्ट बंद, पंधराच्या पंधरा जण घरी, असं साहेबांनी आजच बजावलं होतं.

परत आलेल्या मेलमध्ये एकच ओळ होती. ‘चार हजारांत एकही अ‍ॅरिझोना नाही, हे शक्य नाही.’

“एकही नाही?” संध्या ओरडली. “अरे, डोळे आहेत की बटणं?”

आकाशने खुर्ची फिरवली. “मॅडम, आमी मोजूनच टाकतो ना. नववी पट्टी उंच नसली की सोनोरा. काकांनी शिकवलंय तसंच.”

खूण खरोखर एवढीच होती. कासवाच्या पाठीला कडेकडेने पट्ट्या असतात. मानेकडून मोजत जायचं. नववी पट्टी आठवीपेक्षा उंच असेल तर अ‍ॅरिझोना, नसेल तर सोनोरा. तोंडावरूनही कळतं म्हणे, पण कॅमेरा दिसला की ही बेणी तोंड आत घेतात, त्याला कोण काय करणार?

तशी पायलला अ‍ॅरिझोना कासवं सापडत होती. तुर्भ्याची पायल, लागून दोनच महिने झालेली. रोजची वीस-पंचवीस तरी काढायची. पण इथली रीत अशी की नव्या माणसाचं काम दिनानाथकाकांच्या उत्तरांशी ताडून बघायचं. जुळलं नाही की नव्याचं चूक, आणि काकांचं उत्तर कायम. सोमवारी पायलचा स्कोअर साठ टक्क्यांवर घसरला आणि संध्याने तिला काढून टाकलं. “माझं बरोबर आहे, मॅडम,” म्हणत पोरगी रडत गेली. संध्या घाईत होती, तिने ऐकून घेतलं नाही.

आता मात्र ती तणतणत काकांच्या टेबलाशी गेली. दिनानाथकाका पंचवीस वर्षं एपीएमसीच्या दाणाबाजारात मापाडी होते. मणक्याने दगा दिला तेव्हा इथे आले. नजर घारीची. त्यांच्या शब्दापुढे ऑफिसात कोणी जायचं नाही.

“काका, माझ्यासमोर एक मोजा बघू.”

काकांनी पेन्सिलीचं टोक स्क्रीनला टेकवलं. मानेच्या मागे, अगदी मधोमध, नखाएवढी एक पट्टी असते. “लाभ,” काका म्हणाले. पेन्सिल पुढच्या पट्टीवर गेली. “दोन. तीन. चार...”

“थांबा, थांबा! हे लाभ काय मधेच?”

“पहिल्या मापाला एक म्हणू नये, पोरी. लाभ म्हणायचं. बरकत असते.”

“अहो, पण ती मधली चिमुकली पट्टी मोजायचीच नाही! तिच्या पुढची एक!”

“पहिलंच माप टाकून द्यायचं?” काका दुखावले. “आणि लाभानंतर एक कसं येईल? लाभानंतर दोन.”

“काका, हे कासव आहे, तांदूळ नाही!”

तिने पेन्सिल हिसकावली आणि मधली पट्टी सोडून मोजलं. सात, आठ, नऊ. नववी आठवीच्या वर चांगली डोकं काढून उभी होती. अ‍ॅरिझोना. पुढचा फोटो, अ‍ॅरिझोना. त्याच्या पुढचाही. अरे देवा! काका नववी म्हणून बघत होते ती आठवी, आणि सगळं ऑफिस महिनाभर त्यांच्या मागून लाभ-दोन करत होतं. एकटी पायल बरोबर मोजत होती.

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. “म्हणजे त्या पोरीची नोकरी माझ्यापायी गेली?”

संध्याला त्यांचा भयंकर राग आला होता. पण त्याहून जास्त स्वतःचा. सूचनांचं पान चित्रासकट तिच्याच हाती आलं होतं. तिने ते न बघता काकांकडे सरकवलं आणि आजवर एकाही कासवाची एकही पट्टी मोजली नव्हती. वर डोळ्यांवरून बोलली कोणाला? आकाशला!

तिने पायलला फोन लावला. “पायल, तुझं बरोबर होतं गं. उद्यापासून ये. सगळ्यांना तूच शिकव.”

पायल म्हणाली, “मला काढल्याचा मेल सगळ्या ऑफिसला गेला होता, मॅडम. निष्काळजी लिहिलं होतं त्यात.”

“हो. लिहिलं होतं.”

“मग हे पण सगळ्यांना लिहा. मग येते.” तिने फोन ठेवला.

संध्या टाइप करायला बसली. काका मागे येऊन उभे राहिले. “माझं नाव टाक त्यात. शिकवलं मी.”

“गप बसा हो काका!” ती खेकसली आणि ओढणीने डोळे पुसले. “बघायचं काम कोणाचं होतं?”

साहेबांसकट सगळ्यांचे पत्ते तिने मेलच्या वर घातले. ‘पायलची उत्तरं बरोबर होती. निष्काळजी ती नव्हती, मी होते,’ एवढं लिहून मेल पाठवला. मग चार हजारांतला पहिला फोटो उघडला आणि मोजायला लागली.