तिसऱ्यांदा विचारायचं असतं

आमच्या म्हाताऱ्याने शुक्रवारी दुपारी एका पोरीला दोनदा ‘नाही’ म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत दाराकडे डोळे लावून बसला.

शिआन शहराच्या दक्षिण वेशीजवळ, शिलालेखांच्या संग्रहालयाला लागून आमचं दुकान आहे. शिळेवर ओला कागद चिकटवायचा, कुंचल्याने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा, अर्धवट सुकला की शाईच्या गादीने हलके हलके टिपायचं. मग काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमलतात, रात्री जाई उमलावी तशी. सगळ्या गल्लीत माझ्या नवऱ्यासारखा, फान मास्तरांसारखा ठसा कुणाला उठवता येत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणत नाही, आधीच डोकं फुगून टोपी बसत नाही.

पण शिष्य नाही. लेक दूर शेन्झेनला, तिला शाईचा वास सोसत नाही. यंदा मास्तरांना सदुसष्टावं लागलं आणि चहाचा पेला धरताना बोटं थरथरू लागली. तेव्हापासून कागद भिजवताना ते स्वतःशीच पुटपुटतात, “हे हातातलं हातांबरोबरच जायचं.”

अशात ती वेन्ला आली. फिनलंडची, इथल्या विद्यापीठात इतिहास शिकणारी, बांबूसारखी उंच. वर्गाबरोबर शिलालेख बघायला आली आणि आमच्या दारातच रुतली. तासभर मास्तरांचा हात बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, “मास्तर, मला दोन महिने कुणाच्या तरी हाताखाली काम शिकायचंय. रविवारी चारपर्यंत नाव कळवायचंय, नाहीतर बीजिंगच्या ग्रंथालयात पाठवतील. तुम्ही शिकवाल?”

मास्तरांचे कान लाल झाले. म्हणाले, “छे छे, माझ्या हातात काय आहे शिकण्यासारखं!”

“खूप आहे. शिकवा ना.”

“नाही बाई. म्हाताऱ्याचा वेळ आणि तुझी शाई, दोन्ही फुकट जातील.”

आता तिसऱ्यांदा ती विचारणार आणि हे ‘बरं, तू म्हणतेसच तर’ म्हणणार. मी चहाचा तिसरा पेला काढायला वळलेसुद्धा. पोरीने कमरेत वाकून नमस्कार केला. “त्रास दिला, माफ करा,” म्हणाली, आणि गेली.

आमच्या माहेरी, वेई नदीकाठी गहू कापताना बायका म्हणायच्या,

*नको गं नको म्हणतो पाहुणा, उंबऱ्याशी घुटमळे,*
*तिसऱ्या हाकेवाचून बाई पाऊल काही ना हले.*

माझा पाहुणा दिवेलागणीपर्यंत उंबऱ्याशी घुटमळत होता.

“येईल ती,” ते म्हणाले.

“नाही यायची. तिने तुमचं खरं मानलं.”

“असं कसं खरं मानेल? शिकायची ओढ असेल तर विचारेल. मी माझ्या गुरूंकडे सात वेळा गेलो होतो!”

“मग जा आणि सांगा तिला.”

“मी? मागणी काय मागून घ्यायची असते? आणि तूही काही बोलायचं नाहीस!”

रात्रभर कुशी बदलल्या. सकाळी मात्र ठेवणीतलं जाकीट घालून विचारतात कसे, “अगं, आज शहराच्या तटावर जाणार म्हणत होती ना ती वर्गातली मुलं? आपणही जाऊ. हवा छान आहे.”

चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला तटावर नेलं नव्हतं. ‘आपलाच तट आहे, पळून जातोय थोडाच?’ हे पालुपद. मी मुकाट्याने बूट चढवले.

वर पोचलो तेव्हा मास्तरांचा भाता झाला होता. वेन बाई, मुलांची शिक्षिका, पिवळा झेंडा उंचावून पुढे चालली होती. मागे रेंगाळलेल्या वेन्लाने आम्हाला पाहिलं.

“मास्तर! तुम्ही इथे?”

“मी तर रोज येतो,” मास्तर धापा टाकत म्हणाले.

मी तटाबाहेरच्या झाडांकडे तोंड फिरवलं.

मग त्यांनी तिला विटांवरचे शिक्के दाखवले. कुठल्या विटेवर गावाचं नाव, कुठल्या विटेवर घडवणाऱ्याचं, आणि झिजलेलं अक्षर बोटाने कसं वाचायचं. ती गुडघ्यांवर बसून वाचत होती. मास्तर मधूनच मोठ्याने उसासा टाकत, “असं बोट तयार व्हायला कुणीतरी शिकवणारा लागतो हो!” पोर मान डोलवी, वहीत लिहून घेई, आणि पुढच्या विटेकडे सरके.

दुपारी तिने पिशवीतून मांस भरलेली गरम रोटी काढली. “घ्या ना, मास्तर.”

“नको, नको! जेवून आलोय.”

जेवून कसले, घाईत सकाळची लापशीही तशीच राहिली होती. तिने हसून रोटी परत पिशवीत ठेवली. मास्तर त्या पिशवीकडे असे बघत राहिले की मला दया यावी. आली नाही.

खाली उतरताना मी म्हटलं, “कळलं का काल काय झालं ते?”

“भूक लागलीय,” ते म्हणाले.

रविवारी आम्ही त्या मुलांच्या मागोमाग रानहंसाच्या मनोऱ्यापाशी. तिथेही मास्तर ‘सहजच’ आले होते. सात मजले चढून वेन्ला खाली आली तेव्हा साडेतीन वाजले होते. वेन बाई दगडी बाकावर बसून अर्ज गोळा करत होती. वेन्लाने आपला अर्ज काढला. त्यावर निळ्या शाईत बीजिंग लिहिलेलं मास्तरांनी वाचलं. झिजलेली अक्षरं बोटाने वाचणारा माणूस, पण ही ठसठशीत अक्षरं त्यांना पुनःपुन्हा वाचावी लागली.

मी काही बोलणार नव्हते. तसं त्यांनीच बजावलं होतं. फक्त कोपराने ढोसलं.

“पोरी,” मास्तर एक पाऊल पुढे झाले, “शुक्रवारी तू मला किती वेळा विचारलंस?”

“दोनदा. दुसऱ्यांदा विचारलं तेही चुकलंच माझं. आमच्याकडे नाही म्हणणाऱ्याला पुन्हा विचारत नाहीत. त्याचा अपमान होतो.”

“आमच्याकडे तिसऱ्यांदा विचारलं नाही तर होतो.”

“म्हणजे तुम्हाला शिकवायचं होतं?”

मास्तर आपल्या बोटांकडे बघू लागले. “हात आहेत तोवर कुणाला तरी द्यायचंय. पहिल्यांदा तू दारात उभी राहिलीस ना, तेव्हाच मी मनात तुझ्यासाठी शाईची गादी शिवायला घेतली होती.”

हे मलाही नवीन होतं. चेष्टा ओठांवर आली होती, ती मी गिळली.

वेन्लाने अर्ज पाठीमागे लपवला, ताठ उभी राहिली आणि म्हणाली, “मास्तर, मला शिकवाल?”

आणि या माणसाने तोंड उघडलं! “छे छे, माझ्या हातात काय—”

मी असा चिमटा काढला की शेजारचे दोन प्रवासी दचकले.

“हो!” मास्तर ओरडले. “हो, हो. शिकवतो.”

वेन बाईने हसत हसत नवा कोरा अर्ज पुढे केला. चाराला पाच मिनिटं कमी होती.

सोमवारी आठाच्या ठोक्याला पोर हजर. पहिल्याच कागदावर गादी जास्त ओली पडली, शाई खाचांत उतरली आणि पांढरी अक्षरं काळ्यात बुडाली. मास्तरांनी कागद उचलून उजेडात धरला. म्हणाले, “वाईट नाही.”

वेन्ला माझ्याकडे वळली. “काकू, म्हणजे वाईट आहे का?”

“फार वाईट आहे,” मी म्हटलं.

मास्तर दुसरा कागद भिजवत होते.