उताराचं पाणी

चांगुणाने कुदळीच्या टोकाने मातीचा बांध फोडला, तसं गल्लीतून आलेलं पाणी क्षणभर घुटमळलं आणि मग केळीच्या आळ्यात शिरलं. राखाडी पाणी, वर भाताच्या पेजेची पांढुरकी साय. म्हणजे हे तुळजाबाईंच्या मोरीचं. दगडाबाईंचं मागून येई, हळदीचा पिवळा काठ घेऊन. सोमवारी वरची आळी धुणं काढी, तेव्हा फेसाचे बगळे एकामागून एक उतरत यायचे. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं पोर आजारी आहे, हे चांगुणाला न विचारता कळायचं.

निमोण्यात वरची आळी टेकाडावर होती आणि बौद्धवाडा उताराच्या पायथ्याशी. वाड्यातलं पहिलं घर चांगुणाचं. वरच्या मोऱ्यांचं पाणी गल्लीच्या मधोमध वाट काढत यायचं आणि तिच्या उंबऱ्यापुढं बसकण मारायचं. दुष्काळ सरला त्या वर्षी तिची सासू, ताईबाई, भरली कळशी घेऊन येताना त्याच चिखलात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण मांडी दुखावली ती दुखावलीच. पुढं पाय चालू लागला, मन चालेना. उंबऱ्यापर्यंत यायच्या, बाहेरच्या काळ्या राडीकडे बघायच्या आणि भिंतीला धरून माघारी फिरायच्या. साऱ्या वाड्याची बाळंतपणं केलेली बाई. आता वाड्यातल्या बायकांनाच ती खिडकीतून हाका मारायची.

चांगुणाला एवढंच हवं होतं, की म्हातारीचा पाय पुन्हा बाहेर पडावा.

तिचा नवरा ज्ञानदेव दौंडला रेल्वेत गँगमन होता, सुट्टीला घरी यायचा. एकदा तो ग्रामसभेत उभा राहिला. वरच्या मोऱ्यांचं काहीतरी करा म्हणाला. सरपंच बापूसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"ज्ञानदेवा, पानी उताराला जानार. त्याला काय मी वर चढ म्हनू?"

सभा हसली. ज्ञानदेव खाली बसला तो बसलाच. ग्रामसेवकाने चावडीच्या भिंतीवर शोषखड्ड्याचं रंगीत चित्र लावलं होतं. सुरुवात ज्याने त्याने आपल्या दारापासून करावी, असं तो दर सभेला सांगायचा आणि लोक माना डोलवून आपापल्या दाराकडे जायचे.

चांगुणाने कुणाला काही म्हटलं नाही. राहू गावी माहेरी गेली होती, तिकडून येताना ओल्या गोणपाटात गुंडाळून केळीचे मुनवे, बुडाशी फुटलेली कोवळी पिलं, आणले. परड्यात हातभर खोल आळी खणली, तळाला खापऱ्या आणि विटांचे तुकडे घातले, वर राख-माती. शेजारची अंजना कमरेवर हात देऊन बघत राहिली.

"गटारीला हार घालतीस व्हय गं?"

"बघू, फुलला तर फुलला."

उन्हाळा गेला, पाऊस गेला. केळी छपरापेक्षा उंच झाल्या. करड्या, खडकाळ निमोण्यात तेवढाच हिरवा तुकडा. वाऱ्यावर पानं फडफडली की ताईबाई जात्यावर बसल्या बसल्या गुणगुणायच्या:

*दारीच्या केळीबाई, कुनी दिला तुला थाट*
*पाय गं चिखलात, डोईवर राजपाट*

चिखल मात्र होताच. केळी तरी किती पिणार? परड्यात मावेना ते पाणी पुन्हा उंबऱ्यापुढं येऊन बसायचं.

माघात एक दिवस सकाळी तुळजाबाई स्वतः उतरून आल्या. सरपंचांच्या घरची बाई वाड्याकडे सहसा फिरकत नसे. गल्लीतल्या एकुलत्या कोरड्या दगडावर त्या निऱ्या उचलून उभ्या राहिल्या. चांगुणा केळीची वाळकी पानं विळ्याने उतरवत होती.

"चांगुणे, आमच्याकडं सत्यनारायन हाय. शिरूरच्या बाजारात केळीचं खांब गावलं न्हाईत."

"असं व्हय."

"किती गं झाल्यात ह्या. आमच्या दारात तुळस बी धरंना."

"पानी मिळतंय त्यास्नी, वैनी."

"व्हय, आमचंच." तुळजाबाई हसल्या. मग हसू आवरून त्यांनी जरा हिशोबीपणाने मान हलवली. वाटेनं येतानाच त्यांनी तो विचार करून ठेवला असावा. "म्हंजी बघ, पानी आमचं, तवा केळ बी एका परीनं आमचीच म्हनायची. पूजंला घ्यायला हरकत न्हाई. मी ह्यांना तसंच म्हनलं."

बोलून झाल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

चांगुणा विळ्याची धार अंगठ्याने चाचपत होती. चाचपतच राहिली. वर कुणाची तरी मोरी मोकळी झाली, पाण्याचा लोंढा खळखळत आला आणि तुळजाबाईंच्या पायाखालच्या दगडाला दोन्हीकडून वळसा घालून तिच्या उंबऱ्याकडे गेला.

"पानी तुमचंच हाय, वैनी," ती म्हणाली. "मी कुटं न्हाई म्हनते?"

एक केळ फुलावर आली होती. ती सोडून तिने चार चांगल्या केळी बुडाशी तोडल्या. प्रत्येक घावाला खोडातून पाणी उडायचं आणि तिच्या हातावर त्याचे डाग पडायचे. तुळजाबाईंचा गडी खांब खांद्यावर घेऊन चढू लागला, तेव्हा ती पुन्हा खाली वाकली आणि कुदळीने मुळाशी उकरून दोन मुनवे मोकळे केले.

"ह्ये बी न्या. मोरीच्या तोंडाशी लावा. पुढच्या बारीला खाली यायची पायपीट नको."

"अगं, पर..."

"तुमचं पानी तुमच्याच केळीला मिळंल."

हे तुळजाबाईंना पटलं. मुनवे त्यांनी स्वतःच्या हातात घेतले. लांब धरले, पण घेतले.

सुट्टीला आलेल्या ज्ञानदेवाला परड्यातली तोडलेली बुडखी दिसली. अंजनाकडून सगळं ऐकून तो आला, तेव्हा चांगुणा तांदूळ निवडत होती.

"आपन त्ये देव-पूजा सोडून किती वर्सं झाली? आन् तू त्येंच्या पूजेला खांब देतीस?"

"मी केळ दिली. पूजा त्येंची."

"लोक काय म्हनतील?"

"लोक म्हनतात केळी लई झ्याक हुत्या."

तो ताट ओढून जेवायला बसला.

सरपंचांच्या मोरीपुढं आळं खणलं गेलं, तेव्हा दगडाबाई आपल्या ओट्यावरून बघत होत्या. त्यांचं घर तुळजाबाईंच्या वर, त्यामुळं त्यांचं पाणी तुळजाबाईंच्या दारावरून जायचं. पंधरवड्याने त्यांच्या लक्षात आलं, की ते आता पुढं जातच नाही, सगळं सरपंचांच्या आळ्यात मुरतं. दुसऱ्या दिवशी आळीने भांडण ऐकलं.

"माझ्या मोरीच्या पान्यावर तुमची केळ पोसता व्हय?"

"वाहतं पानी. त्याला काय नाव लिवलंय तुमचं?"

"नाव नसंना. भांडी माझी, पानी माझं."

दगडाबाईंनी संध्याकाळपर्यंत आपल्या मोरीला बांध घातला आणि अळू लावलं. त्यांचं बघून पलीकडच्या घराने कर्दळ लावली, त्याच्या पलीकडच्याने शेवगा. कुणी खड्ड्यात खडी भरली, कुणी फुटका माठ पुरला. ज्या पाण्याला आजवर कुणी वाली नव्हता, त्याला घरोघर मालक झाले. पुढं पुढं तर बायका मोरीत राख जास्त पडू देईनात, साबणाचं पाणी वेगळं काढू लागल्या. अळू जळतं म्हणून. पाहुण्यांना परडं दाखवायची रीतच पडली.

खाली गल्लीतून येणारं पाणी आधी बारीक झालं, मग सकाळपुरतं उरलं. होळीच्या सुमाराला एक दिवस आलंच नाही.

काळ्या राडीवर भेगा पडल्या, तिची खपली झाली, चांगुणाने ती फावड्याने ओढून टोपल्याने उकिरड्यावर टाकली. खालून मुरुम निघाला, तांबूस आणि कठीण. केळींची पानं कडेने करपू लागली. फुलावर आलेली केळ तिने आपल्या घरच्या मोरीच्या पाण्यावर धरून ठेवली. बाकीच्यांना ते पुरत नव्हतं. सकाळी पानांवरून हात फिरवताना ती जरा जास्त वेळ थांबायची, एवढंच.

त्या महिन्यात ज्ञानदेव घरी आला, तो दारात येऊन आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"पानी कुटं गेलं?"

"वर ऱ्हायलं."

तो गल्लीतून वर नजर टाकत उभा राहिला. मग परड्यातल्या करपल्या केळींकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. संध्याकाळी ग्रामसभा होती. तिथून तो आला तो कातावलेलाच.

"बापूसाहेबांना हार घातला. आपल्या दारापासून सुरुवात केली म्हनं. ग्रामसेवक म्हनला, सरपंच असावा तर असा. मी उठनार हुतो. सांगनार हुतो, की ह्ये सगळं—"

"बसा की जेवाया. कालवण निवतंय."

"तू मुद्दाम दिलंस व्हय गं मुनवं?"

चांगुणाने भाकरी तव्यावरून उचलून निखाऱ्यावर टाकली. ती फुगेपर्यंत तिने मान वर केली नाही.

"केळीला मुनवं आलं की काढावंच लागत्यात," ती म्हणाली. "न्हाईतर थोरलीला सोसत न्हाई."

ताईबाई बाहेर पडल्या, त्याचा कुणी गाजावाजा केला नाही. एका सकाळी त्या उंबऱ्यात आल्या, काठीने मुरुम ठोकून बघितला, दारावर ठोकावं तसा. मग एक पाय ठेवला, मग दुसरा. अंजनाच्या ओट्यापर्यंत गेल्या आणि तिथंच दिवस कलेपर्यंत बोलत बसल्या. दुसऱ्या दिवशी वाड्याच्या पार पलीकडे. येताना त्यांच्या ओटीत कुणाच्या तरी नातवंडाने हट्टाने दिलेला भाजका हुळा होता.

चैत्राच्या अखेरीला, भर दुपारी, तुळजाबाई परत आल्या. या वेळी त्यांना पाय ठेवायला दगड शोधावा लागला नाही, तरी सवयीने त्यांनी निऱ्या उचललेल्याच होत्या. ताईबाई आत आडव्या झाल्या होत्या. चांगुणा दारात शेंगा फोडत बसली होती.

"बस बस, उठू नगंस," तुळजाबाई म्हणाल्या, पण चांगुणा उठलीच नव्हती. "सोमवारचं धुन्याचं पानी लई व्हतंय बघ. आळ्यात मावंना. दारात तुंबतंय, चिलटं झाल्यात. ह्ये कावत्यात."

"खड्डा मोठा करावा लागंल."

"त्ये करतील करतील म्हनत्यात. तवर म्हनलं..." त्यांनी परड्याकडे मान केली. करपलेल्या पानांच्या चिंध्या वाऱ्यावर हलत होत्या. "तुझ्या केळी बी सुकाय लागल्यात. जीव चुटपुटतो बघून. सोमवारपुरतं सोडू का खाली?"

चांगुणाच्या हातातली शेंग फुटली, पण दाणे तिने काढले नाहीत. ती केळींकडे बघत राहिली. पाणी मिळालं तर त्यातल्या दोन तरी अजून वाचल्या असत्या.

तिने मांडीवरची टरफलं झटकली आणि उठली.

"आत्याबाईंना इचारते."

"अगं, म्हातारीला काय इचारायचं त्यात?"

"वाट त्येंची हाय," चांगुणा म्हणाली आणि आत गेली.

आत अंधारगुडुप गारवा होता. ताईबाईंचा नुकताच डोळा लागला होता, काठी उशाशी होती. चांगुणाने त्यांना उठवलं नाही. ती त्यांच्या पायाशी टेकली आणि भिंतीला डोकं लावून बसली.

बाहेर तुळजाबाई उन्हात उभ्या होत्या. एकदा त्यांनी वर, आपल्या घराकडे बघितलं. मग पदर पुढं ओढून घेतला आणि थांबल्या.