सेंत-ऑरोरचा काठ

माती कुणाची भीड ठेवत नाही, असं मी कॅनडातल्या आमच्या मिसिसागाच्या ऑफिसात सगळ्यांना ऐकवायचो. माती तपासणं हा माझा धंदा, आणि तोंड पहिल्यापासून फटकळ. २००६च्या एप्रिलमध्ये मला ऑटवापलीकडच्या सेंत-ऑरोर या फ्रेंच बोलणाऱ्या खेड्यात नदीकाठाची माती तपासायला पाठवलं, तेव्हा हा ताठा मी सोबत घेऊनच गेलो.

खेडं म्हणजे नदीकाठची वीस-बावीस घरं. प्रत्येकाचं शेत चिंचोळं, नदीपासून निघून मागे रानापर्यंत लांबच लांब गेलेलं. पहिली माणसं क्युबेकहून होडीतून आली तेव्हा नदी हाच रस्ता होता, म्हणून प्रत्येकाला काठ हवा होता. चर्च आणि दफनभूमीही काठावरच. खाली कुठल्या जुन्या समुद्राची चिकणमाती आहे, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! ती वर्षानुवर्षं घट्ट उभी राहते आणि हादरा बसला की पातळ होऊन वाहते.

हिवाळ्यात तिथे जमीन गोठते, खड्डा खणता येत नाही. म्हणून जानेवारीत वारलेले म्हातारे मार्सेल चर्चमागच्या दगडी खोलीत शवपेटीत होते, बर्फ वितळायची वाट बघत. त्यांची जागा ठरलेली होती, मुलीच्या शेजारी. लीझ चार वर्षांची असताना तापाने गेली, त्याला चाळीस वर्षं झाली होती. आणि मी निकाल दिला की या दफनभूमीत कुदळ मारायची नाही. नवी जागा वर टेकडीवर.

मार्सेलची बायको, मादाम ओडेट, तडक माझ्या गाडीशी आल्या.

"तुमचं मशीन चुकलंय," त्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाल्या.

"मशीन चुकत नाही, मादाम." मग मलाच वाईट वाटलं. "आमच्याकडे तर अस्थी आम्ही स्वतः नदीत सोडतो. नदीत जाणं काही वाईट नसतं."

समजूत काढायला गेलो आणि आगीत तेल ओतलं.

"तुम्ही सोडता," त्या म्हणाल्या. "इथे नदी हिसकावून नेणार."

मी दफनभूमीच्या कुंपणालगत काढलेला मातीचा गोळा त्यांच्यासमोर ठेवला. त्यावर वीट ठेवली, तो हलला नाही. मग भांड्यात घेऊन नुसता घोटला, पाण्याचा थेंबही न घालता. आधी पिठल्यासारखा सैल झाला, मग ताकासारखा पातळ. त्यांनी त्यात बोट घालून पाहिलं.

"लीझच्या खाली हेच?"

"हो."

"मग तिलाही वर न्या."

"तिथे खणलं तर अख्खा काठ जाईल, मादाम. तिला काढता येणार नाही."

इतकं वाईट वाक्य मी आयुष्यात बोललो नव्हतो. त्यांनी बोट कोटाला पुसलं आणि निघून गेल्या.

मे महिन्यात मोजणीसाठी परत गेलो, तर त्या टेकडीवरच भेटल्या. दुसऱ्या दिवशी दफन होतं. त्यांच्यात मेलेल्याचे पाय पूर्वेला ठेवतात. शेवटच्या दिवशी सगळे उठतील तेव्हा तोंड उगवतीकडे असावं म्हणून. ओडेटबाईंनी माझ्या दुर्बिणीकडे बोट दाखवलं.

"लीझ नेमकी कुठे, ते यातून दाखवा. मार्सेलचे पाय तिकडे करायचे."

नदी पश्चिमेला होती. शेजारी उभे असलेले फादर हळूच म्हणाले, "ओडेट, ही रीत नाही."

"नसू दे. उठल्यावर त्याला आधी पोर दिसली पाहिजे. सूर्य नंतर बघेल."

झाडांमुळे वरून दफनभूमी दिसत नव्हती, म्हणून मी नकाशावरून दिशा काढली, दोन खुंट्या ठोकल्या आणि दोरी ताणली. माझे डोळे भरले होते, त्यामुळे माप दोनदा घ्यावं लागलं. खणणाऱ्याने दोरीला धरून खड्डा खणला.

दोन वर्षांनी तो काठ थडग्यांसकट नदीत गेला. माझा अंदाज खरा ठरला म्हणून ऑफिसात साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.