आप्पांच्या गाडीचं वजन

विजयसिंह भैय्यानं आप्पांची जुनी गाडी माझ्या गॅरेजात आनून उभी केली आन् म्हनला, "चाचा, हिची रेसची गाडी करायची." मी आधी त्याच्याकडं बघितलं, मंग गाडीकडं. दोघंबी चांगले धडधाकट दिसत हुते.

माजलगावात गेवराई रोडला माझं गॅरेज हाय. तीस वर्सं झाली. मुस्तकीम मिस्त्री म्हनलं की कुनीबी बोट दाखवील. आप्पा म्हंजी साखर कारखान्याचे चेअरमन, आन् भैय्या त्येंचा एकुलता एक. गाडी जर्मन, काळी, चार दाराची. मागच्या सीटला मालीश करनारी मोटर, खिडक्यांना बटनावरचे पडदे, पान्याच्या बाटल्यांना बारका फ्रीज. पंधरा वर्सं आप्पा तिच्यात मागं डाव्या अंगाला बसून तालुकाभर फिरले. आता त्येंनी उंच जीप घेतली आन् ही पोराला दिली. पोरगं पुन्यात शिकलं, तिथंच त्याला हा नाद लागला. कोइमतूरच्या अंगाला ट्रॅक हाय. घरच्या गाड्या सुधारून पळवनारांची तिथं येगळी शर्यत असती. फेब्रुवारीत त्याला त्यात उतरायचं हुतं.

"येवढी मखमली गाडी, भैय्या. हिची हाडं मोकळी करायची?"

"हाडं ठेवायची, चाचा. चरबी काढायची."

पोरगं बोलायला लई हुशार. मी व्हय म्हनलं.

आता ह्या गाडीचं सांगायचं तर बंकटचं सांगाया लागतं. बंकट माझा लहानपनचा दोस्त. सिंदफणेच्या काठाला त्याचा पाच एकर ऊस. गेल्या सप्टेंबरात कारखान्याच्या वार्षिक सभेत तो उठला, माईक घेतला आन् म्हनला, "आपला काटा खोटा हाय. टनामागं पन्नास किलो खातो. मी माझी ट्रॉली बाहेरच्या काट्यावर तोलून मंग हितं आनली." आप्पा स्टेजवरून हसून म्हनले, "बंकटराव, ऊस वाटंत वाळतो. चार कांड्या रस्त्यात पडत्यात, दोन पोरं वढून खात्यात. त्येबी काट्यानंच भरून द्यायचं का?" लोक खदाखदा हसले. बंकट म्हनला, "धा किलोमीटरात कुठला ऊस..." आन् तेवढ्यात माईक बंद पडला.

पडला न्हाई. मी पाडला. त्या दिवशी जनरेटर आन् स्पीकर माझ्याकडं हुते. स्टेजच्या कोपऱ्यातून कुनीतरी हातानं खूण केली आन् मी बटन दाबलं. कुनी खूण केली ते आजबी ठाऊक न्हाई. इचारबी केला न्हाई मी. बंकट बिनमाईकचा वरडत ऱ्हायला, पन हजार मानसांत येक गळा किती पुरनार?

सभेनं ठराव केला, बंकटनं लेखी माफी मागावी. त्यानं मागितली न्हाई. मंग त्याच्या उसाला तोडच येईना. तारीख निघायची आन् कारखान्याची तोडनारी टोळी दुसऱ्याच्याच रानात जायची. जानेवारी लागला, उसाला तुरं आले, आतून पोकळ व्हाया लागला. माफीच्या कागदावर सही केली की दुसऱ्या दिवशी टोळी दारात, येवढंच राहिलं हुतं.

"कर बे सही," मी म्हनलं येकदा. "ऊस वाळून चालला."

"खरं बोललो त्याची माफी कावून मागू?" तो म्हनला आन् च्या पीत बसला.

रोज सकाळी धाला तो माझ्याकडं च्याला यायचा. मी त्याला बटनाचं सांगितलं न्हाई. हिंमत झाली न्हाई, दुसरं काय. आनिसा, माझी बायको, म्हनायची, "तुमी त्याला च्यात साखर जास्ती कावून घालताय?" मी म्हनायचो, ऊसवाला हाय ना तो.

गाडी खोलायला घेतली. पहिली मागची सीट निघाली, आप्पांची. तशीच उचलून गॅरेजच्या दाराशी ठेवली. दुसऱ्या दिवशी बंकट आला, सीटकडं बघितलं, पायजमा झटकला आन् डाव्या अंगाला बसला. "मऊ हाय बरं का," म्हनला. तवापास्नं ती त्याची जागा.

मंग पडदे, फ्रीज, मोटरा, गालिचे, एसी, छताची काच, सगळं भाईर. पत्र्याला आतून डांबराच्या जाड पट्ट्या चिकटवलेल्या असत्यात, रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हून. त्या काय केल्या निघंनात. मी बर्फाच्या लाद्या आनल्या, फोडून मीठ मारून पट्ट्यांवर पसरल्या. गार झाल्यावर हातोडीची टिचकी मारली की पापडागत तुकडं. गाडी उलथी झाली तर मानूस वाचावा म्हून आतून लोखंडी पाइपांचा पिंजरा जोडला. उसाच्या ट्रॉल्या जोडनारा हात हाय हा, जोडाची फिकीर नव्हती. स्प्रिंगा, ब्रेक आन् ड्रायव्हरला बांधायच्या पट्ट्यांची येकटी सीट पुन्यावरनं आली. दोन म्हैन्यात गाडी अशी झाली की आतून बोललं तर भांड्यात बोलल्यासारखं घुमायचं.

राहिलं वजन. नियम असा, गाडी रिकामी, बिनड्रायव्हरची, चौदाशे किलोच्या खाली नको. खाली भरली की बाद. वर भरली तर कुनी अडवत न्हाई, पन फुकटचं ओझं घेऊन पळा. म्हून कमी भरंल तेवढ्या लोखंडाच्या प्लेटा फरशीला ठोकायच्या आन् चौदाशेला आनून ठेवायची.

"आपला काटा आहे की," भैय्या म्हनला.

बंकट सीटवरनं म्हनला, "त्या काट्यावर नको तोलू, मुस्तकीम."

"तुझं आपलं तेच तुणतुणं!" मी म्हनलं, आन् हसलो. भैय्याबी हसला. बंकट न्हाई हसला.

कारखान्यावर भैय्याची गाडी म्हनल्यावर ट्रॅक्टरांची रांग बाजूला झाली. काट्यावरचा कारकून हात जोडून उभा. आकडा पडला तेराशे पंधरा. माझ्या अंदाजानं गाडी त्याच्यावर भरायला पायजे हुती. काय काय काढलं आन् काय घातलं ते सगळं माझ्या हातातनं गेलतं. पन मी म्हनलं, काटा कारखान्याचा आन् आपन रस्त्यावरचे मिस्त्री, आपलंच चुकलं आसंल. पंधरा पंधरा किलोच्या सहा प्लेटा ठोकल्या आन् परत तोलली. चौदाशे. नव्वद घातले आन् पंच्याऐंशीच वाढले! मी म्हनलं, पाच किलोचा फरक चालायचाच. आता वाटतं, तिथंच टाळकं चालायला पायजे हुतं. कारकुनाला सगळं ठाऊक आसनार. पन चेअरमनच्या पोराला त्याच्या तोंडावर कोन म्हननार, सायब, तुमचाच काटा हाय, जरा धरून चाला?

तमिळनाडूत आमी दोन दिसांनी पोचलो. गाडी टेम्पोवर, आमी दोघं आन् टेम्पोचा ड्रायव्हर म्होरं. तिथं शर्यतीच्या आधी तपासनी असती. चार चाकांखाली चार बारके काटे ठेवत्यात. आकडा पडला चौदाशे पंच्याहत्तर. मला वाटलं त्येंचाच काटा बिघडला. त्येंनी पुन्हा तोलली. चौदाशे पंच्याहत्तर. बाजूच्या गाड्यांचे मिस्त्री येकमेकांना कोपरं मारत हुते.

भैय्याचं तोंड उतरलं. "चाचा, पंच्याहत्तर किलो?"

"भैय्या, प्लेटा माझ्या," मी म्हनलं. "काटा तुमचा."

त्यानं मोबाइल काढला, आकडे मारले, परत मारले. मंग माझ्याकडं न बघता हळूच म्हनला, "शंभराला पाच." टनाला पन्नास. बंकट मांडवात हाच आकडा बोलला हुता. ह्या पोराला ठाऊक नव्हतं, येवढं मातर मी छातीवर हात ठेवून सांगीन.

पाच प्लेटा काढल्या. गाडी चौदाशे भरली, त्याचा शिक्क्याचा कागद मिळाला, तो मी खिशात घातला. शर्यतीत भैय्या सतरात अकरावा आला. ब्रेक टिकले, पिंजऱ्याचा येक जोड हलला न्हाई. पहिल्या खेपंला वाईट न्हाई.

परत येताना सोलापूर मागं पडल्यावर तो म्हनला, "चाचा, वजनाचं गावात बोलू नका. तुमच्या हातून प्लेटा जास्त लागल्या म्हणू. माणूस आहे, चुकतो. आप्पांशी मी बोलतो सावकाश."

मी मान हलवली. दुसऱ्यांदा बटन दाबलं म्हना.

आमच्या आधी बातमी गावात. सकाळी गॅरेज उघडलं तर समोरच्या टपरीवर चार-पाच टोणगे तयारच. "काय मिस्त्री, पाऊन क्विंटल लोखंड फिरवून आनलं म्हनं! मद्रासला भंगार महाग हाय का?" मी खाली मान घालून पाना पुसत बसलो. आप्पांच्या सीटवर बंकट बसला हुता. ऊस वाळत चाललेला, गडी उन्हानं रापलेला. त्यानं कप खाली ठेवला आन् टपरीकडं तोंड करून म्हनला, "मुस्तकीमचा हात चुकत न्हाई. काटा चुकला आसंल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याचा आवाज मी बंद केला, त्योच माझ्यासाठी आवाज चढवतोय. लाज वाटली, लई लाज वाटली, आन् मंग राग आला, त्योबी माझाच.

गाडी अजून दारातल्या टेम्पोवरच हुती. ड्रायव्हरला म्हनलं, "चल कारखान्यावर." बंकटला काय सांगितलं न्हाई.

काट्याम्होरं ट्रॅक्टर तीसेक तरी आसतील. गाडी खाली उतरवली, चालू केली. सायलेन्सर नावालाच, त्यामुळं पार गोदामातली मानसं भाईर आली. कारकुनाला वाटलं भैय्यानंच धाडलंय, त्यानं वाट करून दिली. मी गाडी काट्यावर घेतली, इंजिन बंद केलं आन् खाली उतरून बाजूला झालो. पावती आली: तेराशे तीस. मी चावी खिशात टाकली आन् परत जाऊन काट्याच्या मधोमध उभा ऱ्हायलो.

"चावी द्या मिस्त्री, खोळंबा हुतोय," कारकून म्हनला.

"हू दे."

मी दोन्ही कागद वर धरले. माईक नव्हता. गळा ताणून वरडलो, "ऐका रे! ही गाडी चौदाशे किलोची. हा शिक्का, हा कागद. तवापास्नं हिला पाना लावला न्हाई. ह्या काट्यावर भरली तेराशे तीस. आप्पा म्हनले ऊस वाटंत वाळतो. गाडी वाळती का? गाडीच्या कांड्या पोरं वढून खात्यात का? टनाला पन्नास! बंकट सभेत हेच बोलत हुता!"

ट्रॅक्टरवाले येक येक करून खाली उतरले. कुनी कागद हातात घेतला, कुनी मोबाइलवर फोटो काढला. दुपारपर्यंत तो फोटो तालुकाभर फिरला. भैय्या आला तवा काट्याभवती दोनशे मानूस हुतं. त्यानं माझ्याकडं हात केला, मी चावी दिली.

"चाचा, हे बरं नाही केलं."

"बरं न्हाई केलं, भैय्या. पन लई उशिरा केलं, हे त्याहून वाईट."

त्यानं गाडी काट्यावरनं खाली घेतली आन् तशीच टेम्पोवर चढवून पुन्याला न्हेली. माझ्याशी पुन्हा बोलला न्हाई. काटा दोन दिवस बंद ऱ्हायला. भाईर बोर्ड लागला, यंत्रात बिघाड. भाईरनं मानसं आली, वजनं ठेवून तपासून सील मारून गेली. तिसऱ्या दिवशी बंकटच्या रानात तोडीची टोळी शिरली. माफीचं कुनीच काढलं न्हाई, ना मागायचं ना द्यायचं.

पाचव्या दिवशी बंकट धाला आला. उसाचा पाला अजून टोपीला चिकटलेला. सीटवर बसला, च्या घेतला. मी त्याच्याम्होरं स्टूल वढून बसलो.

"बंकट, येक सांगायचं हाय. सभेत तुझा माईक..."

"तू बंद केलतास," तो म्हनला.

"तुला कसं ठाऊक?"

"दिवे चालू हुते, पंखे फिरत हुते. येकटा माईकच गेला. मिस्त्री कोन हुता तिथं?"

"मंग सहा म्हैनं माझ्याकडं च्याला कावून येत हुतास बे?"

बंकटनं घोट घेतला. "रोज वाटायचं," तो म्हनला, "आज सांगंल."