अंघोळीआधीचा प्रश्न

मोहल्ल्यातल्या बायकांना गुसल, म्हणजे मयताची शेवटची अंघोळ, घालायचं काम बत्तीस वर्षं खालाकडे होतं. हातमोजे घालून मयताला शिवणं तिला पाहुण्याचा हात चिमट्याने धरण्यासारखं वाटे. "मेलेलं माणूस कुणाचं काय वाकडं करणार?" असं ती आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईला तोंडावर म्हणाली होती.

पण नर्सबाई चिवट. शिवणवर्गाच्या खोलीत बायका जमवून तिने सलग तीन शुक्रवार सगळ्यांचं डोकं खाल्लं. रक्तातून पसरणारी कावीळ, बोटावरची बारीक चीर, तेवढ्यातून शिरणारा रोग. खालाच्या बोटांना पाण्याने कायम भेगा. शिवाय तिच्याबरोबर पाणी ओतायला येणाऱ्या भाचीला चौथा महिना. शेवटी खालाने मोजे घेतले आणि अंघोळीआधी घरच्यांना विचारायला लागली, काय झालं होतं? उत्तर ठरलेलं असे, ताप. दुसऱ्या कशाने कुणी मरतच नसे.

मग एका दुपारी नर्सबाईचीच आई गेली.

खाला भाचीला घेऊन पोचली. पाणी कोमट करून ठेवलेलं होतं. तिने विचारायचं ते विचारलं.

"ताप होता," नर्सबाई भिंतीकडे बघत म्हणाली. "मोजे राहू देत, खाला. आईला तुमच्या हाताची अंघोळ हवी होती."

खालाला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. शिकवणारीच आता तिच्या वळणावर आली होती. तिने मोजे पिशवीत टाकले. भाची बाह्या सारून तांब्या घेऊन पुढे झाली. मयताची एक पापणी अर्धवट उघडी होती. ती मिटायला खाला वाकली आणि थांबली. डोळा पिवळाधमक होता.

"तू बाहेर बस," ती भाचीला म्हणाली. दार लागल्यावर नर्सबाईकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"आईने शपथ घातली होती. बायका घरात पाऊल टाकणार नाहीत म्हणायची."

खालाला दया आली आणि रागही आला. राग जास्त. "पोटुशी पोर आत आली, तेव्हाही तोंड उघडलं नाहीस?"

नर्सबाई रडायला लागली. खालाने पिशवीतले मोजे चढवले आणि दुसरा जोड तिच्याकडे सरकवला. "घाल. पाणी तू ओत."

अंघोळ झाली, कफन झालं. नर्सबाई बाहेर आली आणि भरल्या अंगणात भाचीला म्हणाली, "उद्या केंद्रात ये, लस घे. आईला कावीळ होती. रक्तातून पसरते ती. मी लपवलं."

दोन बायका उठून गेल्या. मग शिवणवर्गातली एक हळूच म्हणाली, "आमच्या सासूबाईंनाही तीच होती. आम्ही ताप होता म्हणून सांगितलं."

त्या सासूबाईंना गेल्या वर्षी खालानेच अंघोळ घातली होती, उघड्या हातांनी.