सूतकातले कोर्ट

लातूर सोडून अहमदपूरच्या दिशेने निघाले की डाळमिलांचा वास हळूहळू विरत जातो आणि काळ्या रानाच्या कडेला ‘सायंतन’ नावाची ज्येष्ठांची वसाहत दिसू लागते. बैठी घरे, मध्यभागी भोजनगृह, महादेवाचे लहानसे देऊळ, आणि देवळामागे तारेच्या उंच कुंपणात हिरव्या रंगाने रंगविलेले टेनिसचे कोर्ट. वसाहतीच्या माहितीपत्रकावर याच कोर्टाचे छायाचित्र होते. नांदेडचे राहते घर सोडून येथे यावयाचे उमाबाईंनी ठरविले, ते केवळ त्या छायाचित्रावर विसंबून.

उमाबाई नांदेडच्या एका कन्याशाळेत शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका होत्या. तरुणपणी त्या विद्यापीठाच्या संघातून टेनिस खेळल्या होत्या. पुढे संसार, नोकरी आणि पतीचे दीर्घ आजारपण यांत रॅकेट कपाटावर चढली, ती चढलीच. पती निवर्तल्यावर त्यांनी ती खाली उतरविली, नव्या तारा भरून घेतल्या आणि सायंतनमध्ये प्रवेश केला. उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला तो त्याच वर्षी. डॉक्टरांनी कंपवाताचे निदान केले.

“गोळ्यांनी थरथर थोडी आवरेल,” ते म्हणाले, “पण पकड जात राहील. हातानं करायचं जे काही राहिलं असेल, ते पुढे ढकलू नका.”

दुसऱ्या कोणी हे ऐकून मृत्युपत्राचा विचार केला असता. उमाबाईंच्या मनात एकच गोष्ट आली. हात आपला आहे तोवर, समोर जिवंत माणूस उभा करून, टेनिसचा एक पूर्ण सेट.

आणि नेमके तेवढेच सायंतनमध्ये घडत नव्हते. याला कोणाचा दुष्टपणा कारण नव्हता. कारण एका पुण्यकर्मातून उपजले होते. वसाहतीतला पहिला मृत्यू एका एकाकी गृहस्थांचा. त्यांचा मुलगा परदेशी होता. त्याने अंत्यविधी मोबाइलवर पाहिला आणि तेथूनच हात जोडले. तेव्हा वसाहतीचे अध्यक्ष लिंबाजीराव पुढे झाले. ते मुखेडकडचे, निवृत्त ग्रामसेवक. सूतक हे सगोत्रांचे कर्तव्य आहे, हे त्यांना ठाऊक होते; परंतु जेथे सगोत्र येतच नाहीत, तेथे गेलेल्या जिवासाठी कोणी काहीच वर्ज्य करावयाचे नाही काय?

“आजपासून ह्या वसाहतीचं गोत्र एक,” ते म्हणाले होते. “हितलं माणूस गेलं, की तेराव्यापर्यंत गाणं न्हाई, गोडधोड न्हाई, खेळ न्हाई.”

ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले होते. आपल्यामागे कोणी तरी तेरा दिवस थांबेल, हे आश्वासन तेथे प्रत्येकालाच हवे होते.

पण वृद्धांच्या वस्तीत मृत्यूला फार काळ विसर पडत नाही. श्रावणात एक गेले, गणपतीत एक, पितृपक्षात आणखी एक. एका घरचे तेरावे उरकून ताटे धुतली जात, तोच दुसऱ्या घरासमोर बांबू येऊन पडत. कोर्टाला कुलूप कधीच नसे. लिंबाजीरावांचा शब्द पुरेसा होता. मधल्या मोकळ्या दिवसांत उमाबाईंनी एक भिडू घडविला. उदगीरचे निवृत्त आडत व्यापारी गुंडप्पा.

“चेंडू मारताय, का पोतं फेकताय?” उमाबाई जाळीपलीकडून विचारीत.

“जन्मभर पोतीच फेकली, बाई. हाताला तेवढंच कळतंय.”

कुंपणाशी बाकावर बसलेल्या त्यांच्या पत्नी रत्नम्मा हसत. “अक्का, रात्री ह्यांच्या गुडघ्याला तेल लावायला तुम्हीच या आता. माझी बोटं गेली.”

“तू गप. बाई म्हणाल्या, माझा बॅकहँड चांगला हाय.”

“बॅकहँड आहे, एवढंच मी म्हणाले,” उमाबाई म्हणत. “चांगला आहे, असं म्हटलेलं नाही.”

गुंडप्पा असे हळूहळू तयार होत होते. दिवाळीनंतर सेट खेळावयाचा, असे दोघांनी ठरविले. कार्तिकाच्या आरंभी एका सकाळी उमाबाईंच्या हातून चहाचा कप निसटून फुटला. दुसऱ्या दिवशी दुसरा. आणि त्याच आठवड्यात लिंबाजीरावांच्या पत्नी विठाबाई झोपेतच गेल्या.

वसाहतीचे सूतक पुन्हा सुरू झाले. लिंबाजीरावांचे घर कोर्टाला लागून होते. त्यांची खिडकी थेट जाळीवर उघडत असे.

उमाबाई चार दिवस घरात बसल्या. पाचव्या दिवशी पोलक्याची बटणे लावताना बोटांनी ऐकले नाही, तेव्हा त्या रॅकेट घेऊन रिक्षाने लातुरात गेल्या. जिल्ह्याच्या क्रीडासंकुलात मुलांचा सराव चालला होता. प्रशिक्षक सभ्य होता.

“आजी, ही पोरं स्पर्धेची तयारी करायलीत. सकाळ-संध्याकाळ एक कोर्ट मोकळं न्हाई. तुम्ही सावलीत बसा ना, बघा निवांत.”

“मला बघायचं नाही, बाळ. खेळायचंय. एकच सेट.”

“कोणासोबत?”

उमाबाईंनी रॅकेट काखेत मारली. तेथून त्या जुन्या अधिकाऱ्यांच्या क्लबात गेल्या. सभासदाच्या ओळखीविना आत सोडता येत नाही, असे पहारेकऱ्याने सांगितले. बार्शी रस्त्यावर एक खाजगी कोर्ट होते, असे त्याच्याचकडून कळले. तेथे पोहोचल्या तर कोर्टावर पत्र्याचे छत चढले होते आणि आत शेकडो मुले वैद्यकीय प्रवेशाची शिकवणी घेत बसली होती. बाकांच्या पायांखालून पांढऱ्या रेषेचा एक तुकडा तेवढा दिसत होता. उमाबाई त्या रेषेकडे पाहत उभ्या राहिल्या. मग रिक्षावाल्याने हॉर्न वाजविला.

सायंकाळी त्या लिंबाजीरावांच्या दारी गेल्या. ते भिंतीला टेकून घोंगडीवर बसले होते.

“दादा, बोलू नये ते बोलायला आले आहे.”

“बोला बाई.”

“मला सकाळचा एक तास कोर्ट द्या. आवाज होऊ देणार नाही.”

लिंबाजीरावांनी मान वर केली. “तेराव्यानंतर खेळा की. पळून चाललंय का कोर्ट?”

“कोर्ट नाही, हात चाललाय.” त्यांनी हात पुढे केला. तो पानासारखा हलत होता. “तेराव्यापर्यंत राहिला नाही तर?”

“पोरगं राख सावडून गेलं,” ते म्हणाले. “दहाव्याला येतो म्हणालं. सुट्टी न्हाई म्हणं. आता हिच्यासाठी थांबणारं कोण हाय, बाई? ही एवढी घरं. त्यातलं एक जरी खेळायला निघालं, तर मी हिला काय सांगू? दुसऱ्यांसाठी मी थांबलो. माझ्या बायकोसाठी कोणी थांबलं न्हाई?”

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि तेच उमाबाईंना असह्य झाले. त्या नमस्कार करून उठल्या. पण घरी गेल्या नाहीत. तशाच गुंडप्पांकडे गेल्या.

“तुम्हा लिंगायतांत सूतक नाही ना?” त्यांनी उंबऱ्यातूनच विचारले.

गुंडप्पांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. “न्हाई. आमच्यात माणूस मरत न्हाई, बाई, शिवात जातंय. त्याचा विटाळ कसला?”

“मग उद्या सकाळी चला. तुम्हाला कोणाचा नियम मोडल्याचं पाप नाही.”

गुंडप्पांचा चेहरा उतरला. “सूतक न्हाई, खरं हाय. पण लिंबाजी माझा दोस्त हाय. त्या माउलीच्या हातची भाकर खाल्ली मी. तिच्या खिडकीपुढं चेंडू उडवू?”

उमाबाईंची अशी समजूत होती, की शास्त्राची वाट मोकळी आहे म्हणजे माणसाचीही मोकळी असेल. ती येथे संपली. त्या मटकन पायरीवर बसल्या आणि, शाळेत कधी कोणी पाहिले नव्हते अशा, मोठ्याने रडू लागल्या. रत्नम्मांनी पाणी आणले. पेला उमाबाईंच्या हाती दिला. तो कलला, पाणी लुगड्यावर सांडले. रत्नम्मांनी पेला परत घेतला, स्वतः त्यांच्या ओठांना लावला, आणि मान न वळविता पतीला म्हणाल्या,

“जावा तुम्ही उद्या.”

“अगं, पण लिंबाजी…”

“त्यांच्या पाया मी पडते. तुम्ही जावा.”

सूर्य उगवताना दोघे कोर्टात उतरले. पहिला गेम गुंडप्पांचा झाला, कारण सर्व्हिस करताना उमाबाईंच्या हातून रॅकेट निसटून कुंपणावर आदळली. दुसऱ्यांदाही निसटली. तिसऱ्यांदा निसटली, तेव्हा गुंडप्पा जाळीला वळसा घालून आले, खाली बसले आणि स्वतःच्या गुडघ्याला बांधलेली ताणाची पट्टी उलगडू लागले.

“हे काय करताय? गुडघा?”

“गुडघे दोन हायत,” ते म्हणाले, आणि त्यांनी उमाबाईंची बोटे रॅकेटच्या मुठीवर एकेक करून मिटविली, वरून पट्टी घट्ट गुंडाळली, मनगटाशी गाठ मारली. “आता पडली तर तुम्हीच पडाल.”

हात आता थरथरत होता तो रॅकेटसह. तरी चेंडू जाऊ लागले. दुसरा गेम उमाबाईंचा झाला, तिसराही; चौथा गुंडप्पांनी घेतला. गुंडप्पा लंगडत, धापा टाकीत परतवीत होते आणि मुद्दाम हरत नव्हते. ते उमाबाईंनी ओळखले आणि त्यांना फार बरे वाटले.

पाचव्या गेमच्या मध्यावर फाटक करकरले. लिंबाजीराव अनवाणी आत आले होते. त्यांनी दोघांकडे पाहिले नाही. ते सरळ खांबाशी गेले, दांडा फिरवून दोर सैल केला. जाळी खचली, जमिनीला टेकली. त्यांनी ती हातांवर गोळा केली आणि खांद्यावर टाकली.

“आता खेळा,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. रागाला लागते तेवढेही बळ त्यांच्यापाशी उरले नव्हते.

गुंडप्पांनी रॅकेट खाली ठेवली. “लिंबाजी, चुकलो रे.” मग उमाबाईंकडे वळून, “झालं बाई. चला.”

“रेघा आहेत ना?” उमाबाई म्हणाल्या. “उचला रॅकेट.”

“बाई…”

“उचला म्हणते ना!”

त्यांनी सर्व्हिस केली. चेंडू दोन खांबांच्या मधून सपाट गेला आणि चौकोनात पडला. गुंडप्पांना तो गाठता आला नाही.

“तुमचा पॉइंट,” ते पुटपुटले.

“नाही. फार खालून गेला. जाळी असती तर अडकला असता.”

“जाळी कुठं हाय आता?”

“आहे असं धरायचं. अडकला. दुसरी सर्व्हिस.”

जाळी खांद्यावर घेतलेले लिंबाजीराव फाटकाशी पोहोचले होते. ते तेथे थांबले. पाठ इकडेच होती, मान तेवढी मागे वळली होती. उमाबाईंनी त्यांना हाक मारली नाही, क्षमा मागितली नाही. मागावयाची तर हात खाली घ्यावा लागला असता, आणि तो पुन्हा वर जाईल याची त्यांना खात्री नव्हती. त्यांनी डाव्या हाताने चेंडू वर फेकला. तो वाकडा गेला. त्यांनी तो पडू दिला. पुन्हा फेकला, पुन्हा वाकडा. आता डावा हातही थरथरू लागला होता. तिसऱ्यांदा चेंडू सरळ वर चढला आणि उमाबाईंनी सगळे अंग त्याच्यामागे लोटले.

हा चेंडू उंच गेला. जाळी जागेवर असती तरी तो वरूनच गेला असता, हे तिघांनीही पाहिले. गुंडप्पा दुखऱ्या गुडघ्यावर त्याच्यामागे धावले, आणि तो परत येईल या भरवशावर उमाबाई, बांधलेला हात छातीशी धरून, पुढे सरकल्या.