लिफ्टसाठी गाऱ्हाणं

पुतण्या देवेश सिनेमा करणार होता. "काका, आपल्या घरचे नमुने लिहून दे ना यार. तुलाच जमेल," म्हणाला. मला असं कोणी म्हणत नाही. मी तीन वह्या भरल्या.

गिरणी बंद पडल्यापासून धाकटा भाऊ दत्ताराम पहिल्या पाळीच्या वेळेला डबा घेऊन गच्चीवर जातो, ते लिहिलं. पण मुख्य म्हणजे मालनताई, आमची मोठी बहीण. गावी कोकणात देवळात देवापुढे मागण्यांचं घालतात तसं गाऱ्हाणं ती मालाडला, चौथ्या मजल्यावरच्या आमच्या उंबऱ्यात उभी राहून रोज सकाळी घालते.

"बा देवा म्हाराजा, ही लिफ्ट आज तरी चालू ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

दत्तारामाने आतून ओरडायचं, "व्हय म्हाराजा!"

मग फ्रिज, मग समोरच्यांचा कुत्रा. आणि सगळ्यात शेवटी, "माझ्या चंदूक चार माणसांत बोलूची धिटाई दी रे म्हाराजा!"

चंदू म्हणजे मी. ही शेवटची मागणी तेवढी मी वहीत उतरवली नाही. लाज वाटली. लोकांना हसायला ताई दिली आणि स्वतःला वाचवलं.

सोसायटीच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. गाऱ्हाण्याला लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. ताईही हसत होती. पडद्यावरच्या बाईचं गाऱ्हाणं कुत्र्यापाशीच संपलं, तसं ताईचं हसूही थांबलं.

बाहेर पडताना पहिल्या मजल्यावरची श्रुतिका म्हणाली, "मालनआजी, आमच्या गीझरसाठी पण घाला ना!"

ताईने माझ्याकडे पाहिलं. "मी इतकी येडी दिसतंय, चंदू?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चपला शोधत राहिलो.

दुसऱ्या दिवशी उंबरा रिकामा. तिसऱ्या दिवशीही. दत्ताराम डबा धरून ताटकळत म्हणाला, "गाऱ्हाणा झाल्याशिवाय पाळीक कसो जावू?"

चौथ्या दिवशी मीच उंबऱ्यात उभा राहिलो. समोरचं दार उघडं होतं.

"बा देवा म्हाराजा... लोक ताईक हसले, ता माझ्यामुळे. माझी मागणी मी लपवलंय..."

दत्ताराम स्वयंपाकघराकडे बघत होता. आत भांडं आपटलं.

"मोठ्यान बोल," ताई म्हणाली. "पयल्या मजल्यार आयकाक जावक व्हया."

खाली कुणाचं तरी दार उघडलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.